स्वर नसलेली पेटी : मिडी कंट्रोलर कीबोर्डचा इतिहास आणि निवड

हार्मोनियमची पट्टी दाबली की भात्यातील हवा रीडवरून जाते, रीड थरथरते आणि स्वर उमटतो. पट्टी, हवा आणि स्वर ही सारी साखळी एकाच लाकडी पेटीत असते. मिडी कंट्रोलर कीबोर्डच्या पट्टीखाली मात्र वाजणारे काहीच नसते. संगणकाला न जोडता तो वाजवला, तर पट्ट्यांची टकटक तेवढी ऐकू येते. पट्टी दाबल्यावर त्यातून तारेवाटे काही आकडे बाहेर पडतात. त्या आकड्यांचा स्वर करण्याचे काम संगणकातील आभासी वाद्य करते. म्हणजे सॉफ्टवेअरच्या रूपातील पियानो, व्हायोलिन किंवा सिंथेसायझर. वाजवणे एकीकडे आणि स्वर दुसरीकडे, अशी ही फारकत कशी झाली ते या पाठात पाहू. कंट्रोलर घेताना विद्यार्थी बहुधा पट्ट्या किती आणि किंमत किती, एवढेच विचारतात. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे साधन हाताची कोणती हालचाल पुढे पोहोचवते आणि कोणती गाळून टाकते?

पट्ट्या हव्यातच का?

विजेवर चालणाऱ्या वाद्याला पट्ट्या असायलाच हव्यात, असा काही नियम नव्हता. रशियाच्या लेव्ह थेरेमिन यांच्या वाद्याला वादक हातही लावत नसे; हवेत हात पुढे-मागे केला की स्वर चढे-उतरे. फ्रान्समध्ये मॉरिस मार्तनो यांनी १९२८ मध्ये जे वाद्य श्रोत्यांपुढे आणले, त्यात बोटातील अंगठी सरकवून स्वर अखंड नेता येई. पुढे त्याला कीबोर्ड जोडला गेला तेव्हाही पट्ट्या डावी-उजवीकडे किंचित हलतील अशी सोय ठेवली गेली, म्हणजे स्वराला कंप देता यावा. पट्टी हवी, पण पट्टीचा ताठरपणा नको, हे त्या काळीही जाणवले होते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी एकमेकांपासून दूर राहून सिंथेसायझर घडवले. दोघांच्या यंत्रांत विद्युत्दाब स्वराला आज्ञा देत असे. मूग यांच्या पद्धतीत दाब एका व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढे. फारकतीचा मूळ क्षण हाच म्हणता येईल, कारण योग्य दाब पुरवणारी कोणतीही वस्तू आता वाद्य वाजवू शकत होती. बुकला यांनी पियानोच्या पट्ट्या जाणूनबुजून टाळल्या आणि स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या धातूच्या फलकांचा वापर केला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या समोर आल्या की बोटे जुनेच संगीत वाजवू लागतात, असा त्या मागचा विचार. मूग यांनी कीबोर्ड स्वीकारला. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही ध्वनिमुद्रिका मूग सिंथेसायझरवर तयार झाली आणि अमाप खपली. १९७० मध्ये मिनीमूग आला : ४४ पट्ट्या, एका वेळी एकच स्वर, आणि डाव्या हाताशी दोन चाके. त्यांतले एक स्वर वरखाली वाकवण्यासाठी होते. पियानो शिकलेले लाखो लोक जगात होते, धातूचे फलक वाजवायला शिकलेला कोणीच नव्हता. बाजारात कीबोर्ड जिंकला तो या कारणाने. संगीताच्या दृष्टीने तो श्रेष्ठ होता म्हणून नव्हे.

या घडामोडींपासून भारत फार दूर नव्हता. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर बसवला गेला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर अशा मंडळींनी त्यावर प्रयोग केले. ते ध्वनिमुद्रण अलीकडेच रसिकांसमोर आले आहे. पुढे १९८२ मध्ये मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. ती बासगिटारची नक्कल करण्यासाठी दिलेली होती, पण रागाच्या सुरावटीत ती मींडेच्या जवळपास पोहोचते. ही ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी कोणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर तिची चर्चा झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी : एकाच कंपनीच्या यंत्रांना एकमेकांचा ताल धरता येई. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे जुळवायची, तर बहुधा अडचण येई.

एक तार, तीन आकडे

ही अडचण सोडवण्याचा आग्रह रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी धरला. स्मिथ यांनी १९८१ मध्ये एका सामाईक पद्धतीचा आराखडा मांडला. यामाहा, कॉर्ग आणि कावाई या जपानी कंपन्याही चर्चेत होत्या. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले. एकावर वाजवले की दुसराही वाजू लागला. त्याच वर्षी म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस, म्हणजेच मिडी, या पद्धतीचे नियम प्रसिद्ध झाले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एक भाषा मान्य केली आणि ती चाळीस वर्षांनंतरही चालू आहे, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळाच.

त्या भाषेत वाजवणे म्हणजे काय? पट्टी दाबली की तीन आकडे जातात. पहिला सांगतो की कोणत्या वाहिनीवर पट्टी दाबली गेली, वाहिन्या सोळा. दुसरा पट्टीचा क्रमांक, ० ते १२७. पेटीच्या भाषेत बोलायचे तर मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०. तिसरा वेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती वेगाने खाली गेली तो आकडा. पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पहिले आणि दुसरे जुळण्यात किती वेळ गेला, यावरून हा वेग काढतात. पट्टी सोडली की तसाच दुसरा संदेश. तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जात असल्याने असा एक संदेश पोहोचायला जवळजवळ एक सहस्रांश सेकंद लागतो. स्वस्त तार आणि स्वस्त चिप यांत बसणारी ही काटकसर होती, आणि त्यामुळेच ती सर्वत्र पसरली.

काटकसरीत काय सुटले ते पाहा. पियानोला ही भाषा नेमकी बसते, कारण हातोडी तारेवर आदळल्यानंतर पियानोवादकालाही त्या स्वराचे फारसे काही करता येत नाही. सारंगीचा गज किंवा बासरीची फुंक स्वराला जन्मभर घडवत असते. इथे स्वर जन्मतो आणि मरतो, एवढीच नोंद होते. मधल्या आयुष्यासाठी पिच बेंड, मॉड्युलेशन, आफ्टरटच असे वेगळे संदेश ठेवले गेले. यातला पिच बेंड सूक्ष्म आहे, त्याच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. पण तो एका स्वराला नव्हे, तर अख्ख्या वाहिनीला लागू होतो. डाव्या हाताने षड्ज धरून उजव्याने मींड घेऊ गेलात, तर षड्जही सोबत वाकतो.

पेटीवरचे दोन आक्षेप

भारतीय वाचकाला ही तक्रार ओळखीची वाटेल. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. रेडिओत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणाऱ्या जॉन फोल्ड्स यांनी त्याआधीच हार्मोनियमविरुद्ध लिहिले होते आणि रवींद्रनाथ ठाकुरांचाही तिला विरोध होता. १९७१ मध्ये बंदी अंशतः उठली. तोवर महाराष्ट्रात संगीत नाटक, कीर्तन आणि ख्यालगायन यांत पेटी इतकी रुजली होती की, रेडिओवर ती नाही हेच लोकांना चमत्कारिक वाटे.

त्या वादात दोन आक्षेप एकत्र झाले होते आणि ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला श्रुतींचा : सप्तकाचे बारा समान भाग केले की रागाचे कोमल ऋषभ किंवा गंधार जागेवर बसत नाहीत. दुसरा मींडेचा : दोन पट्ट्यांमधून स्वर सरकत नेता येत नाही. पहिल्या आक्षेपावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम करून पाहिली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. श्रुती वाढल्या की रीडही वाढतात, आणि वाद्य अवघड होऊन बसते. ती प्रचारात आली नाही.

स्वर आणि पट्टी यांच्या फारकतीने पहिला आक्षेप जवळजवळ फुकटात सोडवला. ६१ क्रमांकाच्या पट्टीचा स्वर नेमका किती उंच, हे कंट्रोलर ठरवतच नाही. ते आभासी वाद्य ठरवते. अनेक आभासी वाद्यांत प्रत्येक स्वराची जुळणी बदलता येते, भैरवीसाठी एक आणि तोडीसाठी दुसरी. देवलांना ज्यासाठी नवी पेटी बांधावी लागली, ते इथे माउसने होते. दुसरा आक्षेप मात्र अजून पट्टीपाशीच उभा आहे, आणि तो सोडवण्यासाठी हातातील वस्तूच वेगळी असावी लागते.

दुकानात उभे राहिल्यावर

१९९९ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीच्या व्हीएसटी पद्धतीत आभासी वाद्यांची सोय झाली आणि त्याच वर्षी यूएसबी तारेतून मिडी नेण्याचे नियमही ठरले. त्यानंतर दोन सप्तकांचे, संगणकाच्याच विजेवर चालणारे छोटे कंट्रोलर निघू लागले. आज दुकानात दिसतो तो बहुतेक माल याच वंशातला आहे.

एक गैरसमज आधी दूर करू. महागड्या कंट्रोलरने पियानोचा आवाज सुधारत नाही, कारण आवाज त्याच्यात नाहीच. पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा येतो, तोही दोष बहुधा त्याचा नसतो. संगणक ध्वनीचे नमुने गठ्ठ्याने बाहेर पाठवतो, त्यामुळे उशीर होतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना २५६ चा गठ्ठा ठेवला तर सुमारे ६ सहस्रांश सेकंद जातात, १०२४ चा ठेवला तर २३. ही सेटिंग बदलून पाहण्याआधी कीबोर्ड बदलू नये.

पैसे घालायचे ते पट्टीखालच्या यंत्रणेवर. आभासी पियानोत एकाच स्वराची हळू, मध्यम, जोरकस अशी निरनिराळी ध्वनिमुद्रणे असतात आणि वेलॉसिटीच्या आकड्यावरून त्यांतले एक निवडले जाते. पट्टी हलक्या बोटालाही १०० च्या पुढचाच आकडा देत असेल, तर उरलेली ध्वनिमुद्रणे कधी वाजणारच नाहीत. म्हणून दुकानात एकच पट्टी हळूहळू जोर वाढवत वीसदा दाबून पाहावी, मग शेजारची. पियानोच शिकायचा असेल तर हातोडीसारखे वजन असलेल्या ८८ पट्ट्या घ्याव्यात. ते वजन पेटी वाजवणाऱ्याला मात्र अडथळा वाटेल. त्याला हलकी पट्टी बरी. सुरावट आणि ठेके रचायला २५ पट्ट्या, म्हणजे दोन सप्तके, चालतात, पण दोन्ही हातांना ४९ किंवा ६१ लागतात. वाद्यवृंदाच्या आभासी वाद्यांत खालच्या काही पट्ट्या वादनाची तऱ्हा बदलण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात, त्यांनाही जागा हवी.

नंतर डाव्या हाताकडे पाहावे. व्हायोलिनच्या अनेक आभासी वाद्यांत स्वराचा लहानमोठेपणा वेलॉसिटीने नव्हे, मॉड्युलेशनच्या चाकाने चालतो. स्वर सुरू झाल्यावर फुगवायचा तर दुसरा उपाय नसतो. जागा वाचवण्यासाठी चाकांऐवजी नुसत्या कळा देणारे छोटे कंट्रोलर रागसंगीतासाठी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कळ म्हणजे हो किंवा नाही. मींड या दोहोंच्या मध्ये असते. पिच बेंडचा पल्ला सहसा वर-खाली दोन अर्धस्वरांचा असतो. षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंत जायचे तर तो आभासी वाद्यात किमान चार करावा लागतो, आणि तानपुरा वेगळ्या वाहिनीवर ठेवावा लागतो, म्हणजे तो वाकत नाही.

प्रत्येक बोटाला स्वतःची मींड हवी असेल, तर २०१८ मध्ये मान्य झालेली एमपीई पद्धत पाहावी. तिची युक्ती साधी आहे : प्रत्येक स्वराला वेगळी वाहिनी द्यायची, म्हणजे एक वाकला तरी दुसरा स्थिर राहतो. सोळा वाहिन्यांची १९८३ ची मर्यादा इथे सोय म्हणून वापरली आहे. रॉजर लिन यांचे लिनस्ट्रुमेंट किंवा रोली कंपनीचे मऊ पृष्ठभागाचे सीबोर्ड ही या जातीची साधने. लिनस्ट्रुमेंटवर पियानोच्या पट्ट्या नाहीतच. बोट आडवे सरकते आणि स्वर सोबत सरकतो. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये प्रत्येक स्वराचा वेगळा पिच बेंड मूळ भाषेतच आहे, पण तो कळणारी आभासी वाद्ये अजून मोजकी आहेत. अशी साधने महाग असतात. कंट्रोलर नुकताच घेऊ पाहणाऱ्याने ४९ पट्ट्या, दोन खरी चाके आणि पेडलची खाच एवढे पाहून घ्यावे, आणि पहिल्या आठवड्यात पिच बेंडचा पल्ला बदलून यमनातील निषादावरून षड्जावर सरकत जाण्याचा सराव करावा.