गैरहजर आरोपी : ताराबाई शिंदे आणि बालहत्येचा प्रश्न

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध आता विद्यापीठीय अभ्यासक्रमांत स्थिरावला आहे. मराठीतील स्त्रीवादी विचाराचा आरंभ म्हणून तो शिकवला जातो. त्यातील उपरोध, बोलीचा ठसका आणि वादविवादाची धार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एक गोष्ट मात्र या चर्चेत मागे पडते. ज्या घटनेमुळे हा निबंध लिहिला गेला, तिच्या केंद्रस्थानी एक मृत अर्भक आहे. त्या अर्भकाच्या बाजूने हा निबंध वाचला तर काय दिसते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

१८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात मुलाच्या हत्येचा खटला चालला. सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आली आणि पुढे सरकारने तीही पाच वर्षांपर्यंत कमी केली. या निमित्ताने वृत्तपत्रांत वाद माजला. 'पुणेवैभव'सारख्या सनातनी पत्राने या एका स्त्रीच्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर झोड उठवली. मूल ज्या पुरुषाचे होते, तो या साऱ्या गदारोळात कोठेच नव्हता. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही आणि त्याच्या नीतीची चर्चाही कोणी केली नाही.

या गैरहजेरीकडे बोट दाखवणारी स्त्री पुण्या-मुंबईची नव्हती. ती वऱ्हाडातल्या बुलढाण्याची होती. वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. ताराबाईंना त्यांनी घरीच शिकवले आणि लग्न करून देतानाही घरजावई आणला. ताराबाईंना मूलबाळ नव्हते. १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून त्यांच्या निबंधाच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे होती.

ताराबाईंच्या युक्तिवादाचा सांगाडा साधा आहे. ज्या दोषांसाठी स्त्रीला नावे ठेवली जातात, ते एकेक घेऊन पुरुषाच्या अंगी ते किती प्रमाणात आहेत हे त्या मोजून दाखवतात. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो. नवरा मेला तर तोच न्याय स्त्रीला का नाही, असे त्या विचारतात. विधवेला मोहात पाडणारा कोण, आणि दिवस राहिल्यावर तिला वाऱ्यावर सोडणारा कोण, हे प्रश्न त्या टाळत नाहीत. तुलना हा येथे केवळ अलंकार नाही, ती न्यायाची पद्धती आहे. कोर्टाने फक्त एका आरोपीला उभे केले होते. ताराबाईंनी पिंजऱ्यात दुसऱ्याची जागा दाखवून दिली.

हा प्रश्न अर्थातच १८८१ मध्ये जन्मला नव्हता. जोतीराव फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर आपले मत लिहून दिले, त्यात असेच एक जुने प्रकरण आले आहे. पुण्यात जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस राहिले. गर्भपाताचे प्रयत्न फसले, मूल जन्माला आले आणि तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला अंदमानची जन्मठेप झाली. या घटनेने हादरून जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्याचे वर्ष साधारणतः १८६३ मानले जाते.

या गृहाची कार्यपद्धती बारकाईने पाहण्यासारखी आहे. ब्राह्मण वस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर जाहिराती चिकटवल्या गेल्या. विधवेने येथे यावे, गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यायचे की येथे ठेवायचे हे तिने ठरवावे, असा त्यांचा आशय होता. येणाऱ्या स्त्रीला तिचा इतिहास विचारण्याऐवजी तिला आधी आडोसा दिला जाई. बालहत्या रोखायची तर आईला शिक्षेची भीती घालून भागत नाही, मूल जगवूनही तिला स्वतःला जगता येईल अशी एखादी वाट मोकळी ठेवावी लागते, हे या जोडप्याने ओळखले होते. १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांनी अशाच हेतूने बालकाश्रम सुरू केला.

पण जोतीरावांच्या त्या लेखी मतातले आकडे वाचताना मन थबकते. तोवर त्यांच्या गृहात ३५ विधवा बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी जगली ती ५. उरलेली ३० दगावली आणि त्याचे कारण जोतीराव स्पष्ट सांगतात : गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेली विषारी औषधे. म्हणजे दार उघडे होते, पण त्या दारापर्यंत पोहोचेतो इजा होऊन चुकली होती. हिंसा प्रसूतीच्या रात्री घडत नव्हती, ती दिवस राहिल्याच्या पहिल्या भीतीपासून सुरू होत होती. याच गृहात जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला, त्या सेवेत यशवंत त्यांच्या बरोबर होता.

येथे ताराबाईंचा निबंध आणि फुल्यांचे गृह यांतला एक ताण लक्षात घ्यावा लागतो. गृहाचा आधार गुप्तता हा होता. नाव फुटणार नाही या हमीवरच ती स्त्री तेथे येई. परंतु त्याच गुप्ततेत पुरुषाचेही नाव झाकले जाई. आश्रय मुलाला वाचवत होता, तरी ज्या व्यवस्थेने मूल संकटात टाकले ती तशीच राहत होती. ताराबाईंनी नेमके उलट केले. त्यांनी एकाही मुलाला छप्पर दिले नाही, पण जे कुजबुजत बोलले जाई ते छापून नऊ आण्यांना विकायला ठेवले. एकाने मौन राखले आणि दुसरीने ते मोडले. ही दोन्ही कामे एकमेकांशिवाय अपुरी होती. १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीरावांनी टीकाकारांविरुद्ध ताराबाईंची बाजू घेतली, ती या दृष्टीने मला केवळ सौजन्याची वाटत नाही. आपल्या गृहाला जे बोलता येत नव्हते, ते बोलणारा मजकूर त्यांना त्यात भेटला असावा.

त्यानंतर हा निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी त्याची दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा तो पुन्हा वाचकांसमोर आला.

बुलढाण्याच्या संदर्भात मात्र हा विषय ग्रंथालयात बंद करता येत नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर १००० मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८५५ झाली, त्या वेळी महाराष्ट्राची सरासरी ८९४ होती. २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना देशातील ज्या १०० जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत ताराबाईंचा बुलढाणा होता. आता हत्येला विहीर लागत नव्हती. लाज विधवेच्या गर्भाची नव्हती, ओझे मुलीच्या जन्माचे होते. तरी एक गोष्ट बदलली नव्हती : निर्णय कुटुंबाचा आणि देह एकटीचा.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. या केंद्रीय कायद्याचे २४ वे कलम साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावे असे आहे. गर्भवतीची अशी चाचणी झाली असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने असे गृहीत धरावे की नवऱ्याने किंवा नातेवाइकाने तिला त्यासाठी भाग पाडले. म्हणजे विजयालक्ष्मीच्या खटल्यात जो गैरहजर होता, त्याला हजर राहण्याचे समन्स कायद्याने अखेर काढले. ताराबाईंचा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांनी कायद्याच्या भाषेत उतरला.

समन्स निघाले म्हणजे न्याय झाला, असे अर्थातच नाही. फुल्यांच्या गृहातील त्या ३० मुलांनी जे शिकवले ते या कलमालाही लागू आहे. इजा झाल्यानंतरचा कायदा आणि इजा होण्याआधीचा आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या स्त्रीला पहिल्या भीतीच्या वेळी कोणाकडे जाता येते, यावर मुलाचे जगणे ठरते. 'स्त्रीपुरुष तुलना' वर्गात शिकवताना तिच्या भाषेच्या धारेबरोबर हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. ताराबाईंनी तो वाङ्मयीन कुतूहल म्हणून विचारला नव्हता. त्या वेळी एका स्त्रीला फाशी सुनावली गेली होती आणि एक मूल मेलेले होते.