नामावलीपासून गावापर्यंत

“आपण मूळचे कोठले?” हा प्रश्न आज मॉरिशसमधील मराठी घरांत तरुण पिढी पुन्हा विचारू लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. वडीलधाऱ्या मंडळींकडून बहुधा “रत्नागिरीकडचे” किंवा “साताऱ्याकडचे” एवढेच उत्तर मिळते. त्यापुढे जावयाचे तर कागदपत्रांचा आधार घ्यावा लागतो. आणि पुष्कळ घरांत हाताशी असलेला पहिला छापील कागद म्हणजे कोणा आजोबांचे वा चुलत्यांचे नाव असलेली जुन्या कॉलेजाची विद्यार्थ्यांची यादी.

कॉलेजांच्या नामावलीवरून कुळाचा शोध घेण्याची रीत इंग्लंडात चांगलीच रुळलेली आहे. ऑक्सफर्डच्या १५०० ते १८८६ पर्यंतच्या विद्यार्थ्यांची नामावली जोसेफ फॉस्टर यांनी सिद्ध केली. केंब्रिजच्या प्रारंभापासून १९०० पर्यंतच्या विद्यार्थ्यांची नामावली जॉन व्हेन व त्यांचे पुत्र यांच्या परिश्रमाने १९२२ ते १९५४ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाली. तीत विद्यार्थ्याच्या नावापुढे, जेथे ठाऊक आहे तेथे, पित्याचे नाव, जन्मस्थान, शाळा व पुढील व्यवसाय हेही दिले आहेत. अशा एका नोंदीवरून तेथील माणूस दोन पिढ्या सहज मागे जातो.

महाराष्ट्रातही अशी साधने आहेत. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे ते चौघे. स्वतःचे नाव, पित्याचे नाव व आडनाव अशी या नावांची तिहेरी रचना असल्याने यादीतील एका ओळीतच कुळाची ओळख पटते.

परंतु त्याच काळात मुंबई बंदरातून आणखी काही मराठी माणसे जहाजांवर चढत होती. त्यांची नावे कोणत्याही विद्यापीठाच्या यादीत आली नाहीत. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरून, आज आप्रवासी घाट म्हणून जगास ठाऊक असलेल्या त्या सोळा पायऱ्या चढून ती वसाहतीच्या आवारात आली, आणि तेथे त्यांस एकेक क्रमांक मिळाला. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांपर्यंत या बेटावर आलेल्या सुमारे साडेचार लाख हिंदी मजुरांची नोंद अशा क्रमांकांनी झाली आहे. आमच्या घराण्यांचा आरंभ नामावलीत नव्हे, तर त्या वहीत आहे.

मग कॉलेजाच्या यादीचा आम्हांस उपयोग काय? उपयोग आहे, मात्र ती उलट्या दिशेने वाचावी लागते. महाराष्ट्रात आडनाव हे कुळाचे असते. येथे बहुधा तसे नाही. वहीत मजुराचे एकच नाव व त्याच्या बापाचे नाव लिहिले जाई. पुढे त्याच्या मुलांच्या जन्मनोंदीत बापाचे तेच नाव आडनावाच्या जागी बसले. म्हणून यादीत ‘रामजी’, ‘बाबाजी’ किंवा ‘सखाराम’ असे आडनाव दिसले, की ते कुळनाव न समजता, ते एखाद्या पूर्वजाचे स्वतःचे नाव असावे, असा तर्क करावा.

या एका गोष्टीवरून दोन इशारे निघतात. एकाच जहाजाने आलेल्या दोन सख्ख्या भावांचे वंशज आज दोन निरनिराळ्या आडनावांनी वावरत असतील. उलट, यादीतील दोन ‘रामजी’ एकमेकांचे कोणीही नसतील. केवळ नाम-साम्यावर नाते जोडणे म्हणजे परक्याच्या आजोबांचे श्राद्ध घालण्यासारखे आहे.

शोधाचा क्रम असा ठेवावा. कॉलेजाच्या यादीतून नाव व वर्ष घ्यावे. त्यावरून नागरी नोंदणीतील जन्माचा वा विवाहाचा दाखला मिळवावा. जुन्या दाखल्यांत आईबापांचा आप्रवासी क्रमांक आढळला, की अर्धे काम झाले. तो क्रमांक घेऊन मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जावे. आप्रवासी नोंदवह्या तेथेच जतन केलेल्या आहेत. नोंदीत वय, उंची, जात, अंगावरील खुणा, जिल्हा व गाव यांचे रकाने असतात, आणि १८६० च्या दशकापासून पुढे काहींची छायाचित्रेही आहेत. लेखनिकाने कानावर पडेल तसे लिहिलेले असल्याने गावाचे नाव डोळ्यांनी न वाचता मोठ्याने उच्चारून पाहावे. ‘रटनाघेरी’ म्हणताच रत्नागिरी ऐकू येते.

यादी जेथे गप्प आहे तेथेही तिचे मौन समजून घ्यावे. १९७७ साली माध्यमिक शिक्षण निःशुल्क होण्यापूर्वी उसाच्या मळ्यातील मजुराच्या मुलाला कॉलेजाची पायरी दुर्लभ होती. म्हणून यादीत नाव नसणे हे बुद्धी नसण्याचे लक्षण नव्हे. सर शिवसागर रामगुलाम हे बिहारहून आलेल्या मजुराचे पुत्र. ते रॉयल कॉलेजातून लंडनला जाऊन डॉक्टर झाले आणि १९६८ साली स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान झाले. पण त्यांच्या पिढीत असा मार्ग मोजक्यांनाच सापडला.

आणखी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कॉलेजांच्या जुन्या याद्यांत स्त्रिया जवळजवळ नाहीत. घाटावरच्या वहीत मात्र त्या आहेत. समुद्र ओलांडून आलेल्या प्रत्येक स्त्रीस तिचा स्वतःचा क्रमांक आहे, स्वतःची ओळ आहे. ज्या आजीचे नाव घरातही कोणास आठवत नाही, ते त्या वहीत सापडू शकते.

आमच्या घरांत पदवीधराची तसबीर भिंतीवर दिसते. पूर्वजाचा क्रमांक मात्र एके काळी लाजेने लपविला जाई. वास्तविक ती पदवी त्या क्रमांकाच्या खांद्यावर उभी आहे. तेव्हा कॉलेजाच्या यादीत आजोबांचे नाव सापडले म्हणून शोध थांबवू नये. घरातील वृद्धांकडून कुलदैवत, गावाची आठवण व नात्यांची नावे आजच लिहून घ्यावीत. सरकारी वह्या जपल्या जात आहेत. परंतु ज्यांच्या मुखी ही माहिती आहे ती माणसे कायमची राहणार नाहीत.