व्रत आणि नियम

राहात्याला लागूनच साकुरी आहे. उपासनी महाराजांनी तेथे कन्याकुमारी स्थान उभारले. १९४१ साली त्यांचे निर्वाण झाल्यावर गोदावरी मातांनी आजन्म ब्रह्मचारिणी कन्यांची ती परंपरा १९९० पर्यंत सांभाळली. पलीकडे शिर्डीला एका फकिराने पडक्या मशिदीत उभे आयुष्य काढले. अशा मुलखात ब्रह्मचर्याची थोरवी कोणी कोणाला सांगावी लागत नाही. पांढऱ्या झग्यातला फादर एकटा राहतो, याचे आमच्या आज्यापणज्यांना नवल वाटले नसावे. अमेरिकन मिशनच्या पाद्रीसाहेबाला मडम असते, हेच त्यांना विशेष वाटले असेल.

मात्र येथे नकळत एक घोटाळा झाला. आमच्या भागात कॅथोलिक मिशन आणले ते जेझुइटांनी. आधी जर्मन, पहिल्या महायुद्धानंतर स्विस. केंदळहून १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू करणारे आणि पुढे १९०७ साली पुण्याचे बिशप झालेले हेन्री डोरिंग त्यांतलेच. ही व्रतस्थ संघाची माणसे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते ते संघाचे म्हणून घेतात, गुरुदीक्षा त्यानंतरची. उद्या रोमने धर्मगुरूंना विवाहाची मुभा दिली, तरी जेझुइट अविवाहितच राहील. धर्मप्रांतीय धर्मगुरूचे तसे नाही. तो अविवाहित राहण्याचे वचन देतो, ते लॅटिन चर्चचा नियम तसा आहे म्हणून. पिढ्यान्पिढ्या एकाच प्रकारचे फादर पाहिल्यामुळे आम्ही व्रत आणि नियम यांची सांगड घालून टाकली. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, तरी ती समजूत जागची हलली नाही.

नियम केव्हाचा? शिमोन पेत्राची सासू तापाने अंथरुणावर होती, असे मार्क लिहितो. सासू होती म्हणजे पत्नीही होतीच. अध्यक्ष एकाच स्त्रीचा पती असावा, ही अपेक्षा तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. स्वर्गराज्यासाठी अविवाहित राहणाऱ्यांचा गौरव प्रभूने केला, पौलानेही केला, हेही तितकेच खरे; पण तो गौरव आहे, सक्ती नव्हे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विराच्या सभेने विवाहित धर्मगुरूंना पत्नीसंग वर्ज्य करण्यास सांगितले. धर्मगुरूचा विवाह मुळातच रद्दबातल ठरला, तो ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत. म्हणजे प्रभूनंतर अकराशे वर्षांनी. त्यामागे मठवासी जीवनाचा आदर्श होता, वेदीच्या शुद्धतेची कल्पना होती आणि चर्चची जमीन धर्मगुरूच्या मुलाबाळांकडे वारशाने जाऊ नये ही चिंताही होती. जमिनीच्या वाटण्या जवळून पाहिलेल्या आमच्या वाचकांना ही चिंता फोडून सांगायला नको.

आपल्या देशात या नियमाची पावले गोव्याहून निघाली. केरळातील संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांत विवाहित धर्मगुरू होते. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे सभा भरवली आणि तेथे धर्मगुरूंना पत्नींपासून वेगळे होण्याचा आदेश निघाला. त्या स्त्रियांचे पुढे काय झाले, असा प्रश्न आमच्या मनात येतो. सभेच्या ठरावांत त्यांचा उल्लेख येतो तो अडचण म्हणून. याउलट पूर्वेकडील अनेक कॅथोलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषाला आजही गुरुदीक्षा मिळते, आणि पोप ती वैध मानतात.

आता आमच्या खेड्यांकडे यावे. फादर महिना-दोन महिन्यांनी घोड्यावरून यायचे. मधल्या काळात प्रार्थना घेणारा, मुलांना शिकवणारा, मरणाऱ्याच्या उशाशी बसणारा मास्तर असे. त्याला बायको होती, पोरेबाळे होती. मास्तरीणबाई बायकांना जपमाळ शिकवीत. राहुरीला रेव्हरंड टिळकांची धर्मसेवा आणि लक्ष्मीबाईंचा संसार असाच एका छपराखाली चालला होता. मास्तराने श्रद्धा जगवली. मिस्सा मात्र तो कधी अर्पू शकला नाही. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील गावांची हीच अडचण २०१९ साली रोममधील सिनडपुढे आली. विवाहित, अनुभवी पुरुषांना दीक्षा द्यावी, अशी शिफारस बहुमताने झाली. फेब्रुवारी २०२० मधील आपल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी त्या शिफारशीचा उल्लेख केला नाही.

ज्याने वचन दिले त्याने ते पाळावे, हे आम्हांला मान्य आहे. पण न पेलल्याने जो बाजूला होतो, त्याच्याशी आपण कसे वागतो? विठ्ठलपंत संन्यास सोडून, गुरूच्याच आज्ञेने, घरी परतले. समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांच्या लेकरांना ‘संन्याशाची पोरे’ म्हटले. त्यांतल्याच एकाने पुढे याच जिल्ह्यातील नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली.

आमच्या ओळखीतील एक फादर रीतसर परवानगी घेऊन संसारात पडले. ज्या घरांत त्यांनी बाप्तिस्मे दिले, त्या घरांतील भिंतीवरचे फोटो उतरले. बहिणीच्या लग्नात ते मांडवाच्या कडेला उभे होते. जेवायला चला, असे त्यांना कोणी म्हणाले नाही. चर्चचा कायदा तर सांगतो की मरणाच्या दारी असलेल्या माणसाला असा धर्मगुरूही पापमुक्ती देऊ शकतो. आम्ही त्या मांडवात होतो. आम्हीही त्यांना पंगतीला बोलावले नाही.