खडकी छावणी

पुण्यातील इंग्रजांनी वसवलेली लष्करी वस्ती. विश्रांतवाडीकडून होळकर पूल ओलांडला की खडकी लागते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने बापू गोखले यांच्या पेशवाई सैन्याला मागे हटवले. त्यानंतर ही छावणी वसली.

इंग्रजांच्या वसाहती सर्वत्र सारख्या नव्हत्या. अमेरिकेत जेम्सटाउन (१६०७) एका व्यापारी कंपनीने वसवले आणि तेथील व्हर्जिनिया वसाहत तंबाखूवर तगली. पुढे त्या मळ्यांत गुलाम राबले. प्लिमथला (१६२०) आपल्या पंथाप्रमाणे जगू इच्छिणारी कुटुंबे उतरली, म्हणून उत्तरेत लहान शेते आणि चर्चभोवतीची गावे दिसतात. पेनसिल्व्हेनिया (१६८१) क्वेकर पंथाच्या विल्यम पेनची; तेथे अनेक पंथांना थारा मिळाला.

महाराष्ट्रात मात्र इंग्रज कुटुंबे जमीन कसायला आली नाहीत, आणि हाच मूलभूत फरक होय. मुंबई पोर्तुगालशी झालेल्या १६६१ च्या विवाहकरारातून इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. १६६८ मध्ये ती वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. गव्हर्नर जेरल्ड आँजिएने बंदर वाढवण्यासाठी निरनिराळ्या समाजांच्या व्यापाऱ्यांना आश्रय दिला. पुण्यात व्यापार गौण, सत्ता राखणे मुख्य. म्हणून बराकी, चर्च, बाजार अशी रचना झाली. अमेरिकेत मूळ रहिवाशांना हुसकावून गावे वसली, तर खडकीत छावणीचा बाजार देशी माणसांनीच चालवला.

येथील दारूगोळा कारखाना १८६९ चा असून तो आजही सुरू आहे.