रुग्ण, पालक आणि संशोधनाचा प्रश्न : सिस्टिक फायब्रोसिसच्या संशोधनाचा ऐतिहासिक आढावा (१९३८ ते २०२३)

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा संशोधक, औषधे आणि संस्था यांच्याभोवती लिहिला गेला आहे. रुग्ण त्यात अभ्यासाचा विषय म्हणून येतो. घरी त्याची शुश्रूषा करणारी आई तर क्वचितच येते. श्वसनसंस्थेच्या दीर्घकालीन विकारांच्या बाबतीत ही मांडणी अपुरी ठरते. अशा विकारांत उपचारांचा मोठा भाग रुग्णालयात नव्हे, तर घरात, दररोज आणि वर्षानुवर्षे पार पडतो. त्यामुळे उपचारांविषयीचे बरेचसे ज्ञानही घरातच साठत जाते.

प्रस्तुत लेखात सिस्टिक फायब्रोसिस या विकाराच्या संशोधनात रुग्ण व पालक यांचा सहभाग कोणकोणत्या टप्प्यांनी वाढत गेला, याचा आढावा घेतला आहे. संशोधनाला निधी देणे, माहिती पुरविणे आणि संशोधनाचा प्रश्न ठरविणे या तीन भिन्न गोष्टी असून, त्यांतील तिसरी गोष्ट रुग्ण व पालक यांच्या वाट्याला सर्वांत उशिरा आली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

रोगाची ओळख :

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार आहे. आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यास तो मुलात प्रकट होतो. फुप्फुसांतील व स्वादुपिंडातील स्राव घट्ट व चिकट होतात, श्वसनमार्गात वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि अन्नाचे पचन नीट होत नाही. न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्या काळी अशी बहुतेक मुले बालपणीच दगावत.

ज्या मुलाचे चुंबन खारट लागते ते अल्पायुषी ठरते, अशी लोकसमजूत मात्र युरोपात त्यापूर्वी कित्येक पिढ्या रूढ होती. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेत ही मुले अधिक प्रमाणात कोसळली. त्या अनुभवावरून पुढे शोध घेत डॉ. पॉल दी सांत आन्येझे यांनी १९५३ मध्ये अशा मुलांच्या घामात मिठाचे प्रमाण अधिक असते, हे सिद्ध केले. १९५९ मध्ये घामाच्या चाचणीची प्रमाणित पद्धती उपलब्ध झाली. मूल जवळ घेणाऱ्यांच्या निरीक्षणात जे पूर्वीपासून होते, त्याला शास्त्रीय मान्यता मिळण्यास असा दीर्घ काळ जावा लागला.

पालकांची संघटना व रुग्णनोंदवही :

१९५५ मध्ये अमेरिकेतील काही पालकांनी एकत्र येऊन या रोगाच्या संशोधनासाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन केले. तेच पुढे सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन म्हणून प्रसिद्धीस आले. ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये अशीच संस्था उभी राहिली.

१९५७ मध्ये क्लीव्हलँड येथे डॉ. लिरॉय मॅथ्यूज यांनी सर्वांगीण उपचारांचा कार्यक्रम सुरू केला. लक्षणे तीव्र होण्याची वाट न पाहता आरंभापासूनच कसोशीने उपचार करावेत, हे त्याचे सूत्र होते. मुलाला वेगवेगळ्या स्थितींत झोपवून पोकळ तळव्याने छातीपाठीवर थापट्या मारणे व त्यायोगे कफ सुटा करणे, रात्री त्याला दमट फवाऱ्याच्या प्लास्टिकच्या तंबूत झोपविणे, हे सारे घरी पालकांनाच करावे लागे.

मॅथ्यूज यांच्या रुग्णांचा मृत्युदर फारच कमी असल्याचे सांगितले जाई. त्यावर अनेकांचा विश्वास नव्हता. या दाव्याची शहानिशा करण्यासाठी प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याने मिनेसोटा येथील डॉ. वॉरन वॉर्विक यांनी १९६४ मध्ये देशभरातील केंद्रांकडून माहिती गोळा केली आणि दावा खरा ठरला. यातूनच राष्ट्रीय रुग्णनोंदवही आकारास आली. केंद्राकेंद्रांतील तफावत तिच्यामुळे नजरेस येऊ लागली. परंतु कोणत्या केंद्राचे निष्कर्ष कसे आहेत, हे पालकांना दीर्घकाळ कळत नव्हते. मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावच्या कुटुंबातील शल्यविशारद व लेखक अतुल गावंडे यांनी २००४ मध्ये एका प्रदीर्घ लेखातून हा प्रश्न सर्वसामान्य वाचकांपुढे मांडला. पुढे २००६ मध्ये प्रतिष्ठानाने केंद्रनिहाय निष्कर्ष जाहीर केले. ज्यांच्या मुलांच्या माहितीवर ही नोंदवही उभी होती, त्यांच्या हाती ती सुमारे चाळीस वर्षांनी आली.

दमट तंबूंची कथाही उद्बोधक आहे. १९७० च्या दशकात त्यांचा अपेक्षित लाभ होत नसल्याचे दिसून आले व ते वापरातून गेले. तोवर कित्येक कुटुंबांनी वर्षानुवर्षे रोज रात्री ते उभारले होते व रोज सकाळी स्वच्छ केले होते.

निधी आणि त्याचे मोल :

१९८९ मध्ये या विकारास कारणीभूत असलेल्या जनुकाचा शोध लागला. त्यानंतर प्रतिष्ठानाने २००० च्या सुमारास औषधनिर्मितीसाठी खाजगी कंपनीत थेट गुंतवणूक केली. तिचे फलित म्हणून २०१२ मध्ये आयव्हाकाफ्टर या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१९ मध्ये तीन औषधांचे संयुक्त मिश्रण आले व बहुसंख्य रुग्णांना त्याचा लाभ होऊ लागला.

या यशाला दुसरी बाजूही होती. आयव्हाकाफ्टरची प्रारंभीची किंमत दरवर्षी सुमारे तीन लाख डॉलर इतकी होती. २०१४ मध्ये प्रतिष्ठानाने आपले स्वामित्वधनाचे हक्क ३३० कोटी डॉलरना विकले. या रकमेतून पुढील संशोधनाला बळ मिळाले, हे खरे. तथापि पालकांच्या देणग्यांतून साकारलेले औषध अनेक देशांतील पालकांच्या आवाक्याबाहेरच राहिले. निधी देणाऱ्यास किमतीवर नियंत्रण आपोआप प्राप्त होत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

प्रश्न ठरविण्याचा अधिकार :

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स हा उपक्रम सुरू झाला. रुग्ण, शुश्रूषा करणारे आणि वैद्यकीय व्यावसायिक यांनी समान पातळीवर बसून संशोधनाचे अग्रक्रम ठरवावेत, हे त्याचे तत्त्व होते. त्याचा पहिला प्रयोग २००७ मध्ये दम्याच्या संदर्भात पूर्ण झाला. दीर्घकाळ घेतल्या जाणाऱ्या औषधांचे दुष्परिणाम आणि श्वसनाच्या व्यायामांची उपयुक्तता यांसारखे प्रश्न त्यातून अग्रभागी आले.

सिस्टिक फायब्रोसिसच्या बाबतीत ही प्रक्रिया २०१७ मध्ये पूर्ण झाली. या रोगाच्या रुग्णांना परस्परांपासून घातक जंतूंचा संसर्ग होऊ शकत असल्याने त्यांना एका खोलीत एकत्र बसविता येत नाही. त्यामुळे ऑनलाइन प्रश्नावलीवर भर देण्यात आला. हजाराहून अधिक प्रश्न जमा झाले. त्यांतून निवडलेल्या दहा प्रश्नांत पहिला क्रमांक नव्या औषधाला मिळाला नाही. उपचारांचा दैनंदिन भार कसा हलका करता येईल, हा प्रश्न सर्वप्रथम ठरला. पोटदुखी व पोटफुगी यांसारख्या तक्रारींना दुसरे स्थान मिळाले.

सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर, छातीची भौतिकोपचार पद्धती, प्रत्येक जेवणासोबत पाचक विकरांच्या गोळ्या, यांत घराचे कित्येक तास जात. संशोधन प्रामुख्याने कोणता उपचार वाढवावा याचा विचार करीत आले होते. कोणता उपचार थांबवता येईल, हा प्रश्न घरातून आला. अमेरिकेतील 'सिम्प्लिफाय' या अभ्यासाची दिशाही हीच होती. संयुक्त औषध घेणाऱ्या रुग्णांनी मिठाच्या तीव्र द्रावणाचा फवारा किंवा डॉर्नेझ अल्फा यांपैकी एक सहा आठवडे थांबविले, तरी फुप्फुसांच्या कार्यक्षमतेत लक्षणीय घट झाली नाही, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर 'सीएफ स्टॉर्म' ही चाचणी रुग्णनोंदवहीच्या आधारे हाती घेण्यात आली.

समारोप :

या आढाव्यावरून असे दिसते की, रुग्ण व पालक संशोधनाच्या बाहेर कधीच नव्हते. निरीक्षण, निधी, माहिती आणि श्रम त्यांनी आरंभापासून दिले. मात्र काय शोधावे हे त्यांना विचारले जाण्यास पालकांच्या संघटनेनंतर सुमारे सहा दशके लागली. आणि विचारले गेले तेव्हा त्यांचे उत्तर तज्ज्ञांच्या अपेक्षेहून वेगळे निघाले.

भारतात हा रोग नाहीच, असा समज दीर्घकाळ होता. निदानाच्या सोयी वाढल्यावर तो मागे पडला. दमा व फुप्फुसांचे अन्य चिवट विकार तर आपल्याकडे घरोघरी परिचयाचे आहेत. अशा रुग्णांच्या उशाशी रात्र काढणाऱ्या आई, पत्नी किंवा सुनेला कोणता प्रश्न महत्त्वाचा वाटतो, याची नोंद संशोधनाच्या आराखड्यापूर्वी घेतली जावी, एवढा बोध या इतिहासातून निश्चितपणे मिळतो.