नमाजाच्या वेळा आणि झोप (इनामगाव परिसर)

पाच वेळच्या नमाजांपैकी फजर आणि इशा या दोहोंचा झोपेशी थेट संबंध येतो. फजर पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत आणि इशा संधिप्रकाश मावळल्यावर पढतात. वेळा सूर्यावरून ठरत असल्याने झोपेला उरणारी रात्र अक्षांश व ऋतूनुसार बदलते.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचे इनामगाव ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननामुळे ओळखले जाते. ते सुमारे १८.६ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असण्याचा निकष लावला, तर येथे जूनअखेरीस फजर पहाटे साडेचारच्या सुमारास लागते आणि इशा रात्री साडेआठनंतर. मध्ये सुमारे आठ तास उरतात. डिसेंबरात हे अंतर दहा तासांहून अधिक असते. लंडनला जूनमध्ये सूर्य १८ अंश खाली उतरतच नाही, त्यामुळे तेथे इशा-फजरच्या वेळा वेगळ्या हिशेबाने ठरवाव्या लागतात. त्या मानाने दख्खनची रात्र झोपेला पुरेशी आहे. शिवाय इस्लामी विधिशास्त्रातील हनफी मताप्रमाणे फजरची जमात (सामूहिक नमाज) उजाडू लागल्यावर उभी करणे पसंत केले जाते, त्यामुळे आणखी थोडी झोप मिळते.

फजरसाठी उठून पुन्हा झोपल्याने नुकसान होते का? रियाधच्या किंग सौद विद्यापीठातील अहमद बाहम्माम व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात सलग झोप आणि फजरमुळे दोन भागांत झालेली झोप यांची तुलना केली. एकूण झोप तेवढीच राहिली, तर झोपेच्या रचनेत व दिवसाच्या पेंगेत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे फजरपेक्षा घातक आहे ते इशानंतरचे जागरण. इशानंतर गप्पांत वेळ घालवणे पैगंबरांना नापसंत होते, असे हदीसमध्ये आहे. आज त्या गप्पांची जागा मोबाइलने घेतली आहे.

रमजानमध्ये इशानंतरची तरावीहची नमाज रात्र लांबवते आणि सेहरी, म्हणजे रोजापूर्वीचे पहाटेचे खाणे, पहाट अलीकडे आणते. रांजणगाव एमआयडीसीतील रात्रपाळीचा कामगार किंवा रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी देणारा शेतकरी यांची ओढाताण तर वर्षभर चालते, आणि तिचे कारण नमाज नसून कामाची वेळ आहे. अशांना जोहरच्या (दुपारच्या नमाजाच्या) सुमाराची वीस-तीस मिनिटांची डुलकी, म्हणजे कैलुला, उपयोगी पडते.