हजेरीपट नसलेली नृत्यशाळा

नृत्यसंस्थांच्या वर्धापनदिनाला आता एका ठरीव विधीचे रूप आलेले आहे. दीपप्रज्वलन होते, गुरूंच्या तसबिरीला हार घातला जातो, स्मरणिकेचे प्रकाशन होते, प्रमुख पाहुण्यांचे भाषण अपेक्षेपेक्षा लांबते. आणि मग ज्याची सारे सभागृह वाट पाहत असते तो भाग येतो. माजी विद्यार्थिनी रंगमंचावर येतात. कुणी वीस वर्षांनी घुंगरू बांधलेले असतात, कुणाची मुलगी त्याच संस्थेत शिकत असते, कुणाचा पदन्यास चुकतो आणि त्या चुकीलाच सर्वांत मोठी टाळी पडते. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या नृत्यभारतीसारख्या संस्थेच्या बाबतीत तर शिष्या, त्यांच्या शिष्या आणि त्यांच्याही शिष्या अशी वंशावळच मांडता येते. रोहिणीताई कथकच्या खऱ्या. पण इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणणाऱ्याही त्याच. आपल्याकडे ज्याला आधुनिक किंवा समकालीन नृत्य म्हटले जाते त्याच्याविषयी मराठी वाचकाला जे काही ठाऊक आहे, त्याचा एक झरा कथकच्या अंगणातूनच आला, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

संस्थेचे वय मोजावे की तिने घडवलेली माणसे मोजावीत, हा प्रश्न अशा महोत्सवांत उपस्थित होत नाही, कारण तिथे दोन्ही मापे एकत्र नांदत असतात. ती अल्मोड्यात वेगळी झाली. उदय शंकर यांचे तेथील नृत्यकेंद्र १९४४ साली बंद पडले. त्याला रौप्यमहोत्सव तर दूरच, एक दशकही पाहता आले नाही. तरीही गुरुदत्त, शांती बर्धन, सचिन शंकर, झोहरा सेहगल ही तिथून बाहेर पडलेली माणसे पुढची अनेक वर्षे मुंबईच्या रंगभूमीवर आणि चित्रपटांत आपापल्या वाटेने काम करीत राहिली. संस्था संपली, माजी विद्यार्थी उरले.

हे दुसरे माप हाती घेऊन आम्हांला चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्याकडे वळायचे आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आणि त्याला लागून असलेला बस्तर या पट्ट्यात एक नृत्यशाळा होती, काही गावांत आजही आहे. तिच्या स्थापनेची तारीख नाही, म्हणून वर्धापनदिन नाही. हजेरीपट नाही, फी नाही, प्रमाणपत्र नाही. गावातले जवळपास प्रत्येक प्रौढ माणूस मात्र तिचे माजी विद्यार्थी आहे. तिचे नाव गोटुल.

गोटुलाला शाळा म्हणणे ही आमची अलंकारिक उडी नव्हे. गोंडांच्या परंपरेत त्याचा संस्थापकही आहे आणि तो मुळात संगीताचा गुरू आहे. लिंगो एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवीत असे, आणि त्यानेच पहिले गोटुल उभारले, अशी कथा बस्तरातल्या मुरिया गोंडांमध्ये सांगतात. व्हेरिअर एल्विनचा मुरिया आणि त्यांचे घोटुल या विषयावरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ १९४७ साली आला. एकाच वर्षी पुण्यात एक नृत्यसंस्था सुरू व्हावी आणि दुसऱ्या, कितीतरी जुन्या नृत्यसंस्थेचे पहिले सविस्तर वर्णन छापले जावे, हा योगायोगच. पण दोघींच्या नशिबातले अंतर त्याने नेमके दिसते. एकीचे विद्यार्थी पुढे स्वतः लिहू लागले. दुसरीविषयी लिहिले ते बाहेरच्यांनी.

एल्विनच्या वर्णनातून नृत्यशिक्षणाची जी पद्धत दिसते ती कोणत्याही नृत्यशिक्षकाने वाचावी अशी आहे. मुलगा तो चेलिक, मुलगी ती मोटियारी. आत येणाऱ्या प्रत्येकाला गोटुलाचे नवे नाव मिळते. सिरदार, बेलोसा अशी ही नावे पदांसारखीही असतात, आणि ती घराच्या उंबरठ्यापलीकडे न्यायची नसतात. वेगळा असा शिक्षक नसतो. थोरली मुले धाकट्यांना शिकवतात. धाकटे ओळीच्या टोकाला धरतात आणि आपले पाऊल शेजाऱ्याच्या पावलावरून दुरुस्त करून घेतात. चूक झाली तर कुणी थांबवीत नाही, कारण ओळ थांबू शकत नाही. आणि लग्न झाले की गोटुल सुटते. मिळालेले नाव तिथेच ठेवून जायचे असते. आपल्या निरोपसमारंभात विद्यार्थी संस्थेचे नाव आयुष्यभर मिरवण्यासाठी घेऊन जातो. इथे तो संस्थेने दिलेले नाव परत करतो.

मराठी वाचकाला मात्र या ग्रंथातले नृत्य दिसले नाही. त्याला दिसले ते रात्रीचे सहवासाचे प्रकरण. ‘घोटुल’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय बोलण्यात जो शिरला तो डोळा मिचकावतच, आणि तो अद्याप पुरता सरळ झालेला नाही. त्यातही गफलत अशी की मुरियांचे वर्णन सरसकट गडचिरोलीच्या माडियांवर चिकटवले गेले. डोंगरी माडियांच्या गोटुलात मुली नाचायला येत, पण रात्री झोपायला घरी जात, हे ग्रिगसनने १९३८ सालच्या आपल्या ग्रंथातच नोंदले होते. भामरागड-एटापल्लीकडच्या गावांत गोटुल म्हणजे पाहुण्याने उतरायची जागा, गावाने बसून निवाडा करायची जागा आणि पंडुमच्या, म्हणजे सणाच्या, रात्री जिच्यासमोर नाच सुरू होतो ती जागा. शाळा, चावडी आणि धर्मशाळा एका छपराखाली. आमच्या मते एल्विनचा दोष येथे कमी आहे. तो गोटुल बंद पाडू पाहणाऱ्यांविरुद्ध वकिली करीत होता, आणि वकील आपल्या पक्षाचे वर्णन जरा रंगवून करतो. दोष वाचणाऱ्यांचा अधिक. एल्विनचा सहकारी शामराव हिवाळे हा पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून मैकल डोंगरात गेलेला मराठी माणूस होता. गोंडांची गाणी गोळा करण्यात त्याचा वाटा बरोबरीचा होता. त्याची पुस्तकेही इंग्रजीत निघाली आणि मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमांत त्याचे नाव आम्हांला क्वचितच भेटते.

आता नृत्याकडे. या भागातल्या नाचाला आज सर्वत्र ‘रेला’ म्हणतात. हे नाव गाण्याच्या पालुपदावरून आलेले. काही जण ते बहाव्याशी जोडतात, कारण त्या झाडालाही रेला म्हणतात. हात शेजाऱ्याच्या कमरेमागे किंवा खांद्यावर गुंफलेले, पावले मोजकी, ओळ वळत वळत वर्तुळ होते. एका बाजूने कडवे जाते, दुसरीकडून पालुपद येते. शब्द पुष्कळदा त्या रात्रीचेच असतात. पाहुणा आला तर तो गाण्यात येतो, रस्ता आला तर रस्ता येतो. समकालीन हा शब्द महानगरी नृत्यशाळांनी जणू नोंदणी करून घेतला आहे. आदिवासी नृत्याच्या आधी मात्र ‘पारंपरिक’ हे विशेषण हटकून लागते. काल घडलेली गोष्ट आज गाण्यात घेणाऱ्या नाचाहून अधिक समकालीन काय असते, ते नृत्यसमीक्षकांनी सांगावे.

या वर्तुळाला पाठ असते, तोंड नसते. म्हणजे असे की नाचणारे एकमेकांकडे पाहतात. बाहेर उभ्या असलेल्याला दिसते ती त्यांची पाठ. बघ्यासाठी तिथे जागाच केलेली नाही. ज्याला पाहायचे आहे त्याने ओळीत शिरावे. गेल्या सत्तर वर्षांतला या नृत्याचा इतिहास म्हणजे हे वर्तुळ उघडून सरळ ओळ करण्याचा आणि ती ओळ प्रेक्षकाकडे वळवण्याचा इतिहास आहे. १९५०च्या दशकात दिल्लीत प्रजासत्ताक दिनानिमित्त लोकनृत्यांचे महोत्सव सुरू झाले, आणि देशभरच्या आदिवासी पथकांना मानवंदनेच्या दिशेने तोंड करून नाचावे लागले. मग आश्रमशाळा आल्या. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, १९७६ साली त्याची शाळा. प्रकल्पाला २०२३ साली ५० वर्षे पूर्ण झाली, आणि त्या शाळेतून शिकून डॉक्टर, शिक्षक, वकील झालेल्या माडिया मुलामुलींची पिढी आज या भागात काम करते आहे. हे ऋण कुणी नाकारू नये. पण निवासी शाळा म्हटली की मूल वर्षातले नऊ-दहा महिने गावाबाहेर असते. ज्या वयात ओळीच्या टोकाला धरायचे ते वय वसतिगृहात जाते. मग रेला त्याला भेटतो तो स्नेहसंमेलनात, सरावाच्या तासाला बसवलेला, सात मिनिटांचा.

रंगमंच एवढ्यावर थांबला नाही. दंडकारण्यातल्या माओवाद्यांनी चेतना नाट्य मंच उभा केला आणि रेलाच्या चालीत नवे शब्द भरले. १९१०च्या भूमकाल बंडाची शताब्दी जंगलात कशी साजरी झाली आणि त्या रात्री किती वेळ नाच चालला, हे अरुंधती रॉय यांनी २०१० साली लिहिले आहे. वर्धापनदिन आणि नृत्य यांची ती गाठ कुठल्याही सांस्कृतिक भवनातल्या गाठीहून वेगळी, आणि बंदुकांच्या पहाऱ्यातली. दुसऱ्या बाजूला गडचिरोली पोलीस दलानेही महोत्सव भरवले, त्यांत वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी आणि तिच्याजोडीला रेला नृत्याची स्पर्धा ठेवली. एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोन्ही पक्षांना आपापल्या मंचावर एकच नाच हवा होता. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी हा प्रश्न वर्गात मांडून पाहावा: स्पर्धेत रेलाला गुण द्यायचे ते कशाचे? पावलांच्या एकसारखेपणाचे, वेशभूषेचे, वेळेत संपवण्याचे. ओळीत नवख्याला सामावून घेण्याचे गुण कोणत्या रकान्यात मांडतात, ते आम्हांला सुचलेले नाही.

नाच सर्वांना हवा आणि तो जिथे शिकला जातो ती जागा मात्र अडचणीची, हा विरोधाभास या जिल्ह्यात दोनदा उघडपणे समोर आला. पहिला प्रसंग धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावचा. वनहक्काचा कायदा येण्याच्या बऱ्याच आधी या गावाने आपले गोटुल नव्याने बांधायचे ठरवले. लाकूड सागाचे होते. वन खात्याने हरकत घेतली आणि ते गोटुल मोडून टाकले. गावाने ते पुन्हा उभारले, आसपासच्या गावांनी साथ दिली. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळे मेंढा मराठी वाचकाला ठाऊक झाले ते बांबूच्या हक्कासाठी, २००९ साली मिळालेल्या सुमारे १८०० हेक्टर जंगलाच्या सामूहिक हक्कासाठी. पण सर्वसहमतीने निर्णय घेणारे हे गाव त्याच्याही आधी भांडले होते ते एका छपरासाठी.

दुसऱ्या प्रसंगाला थोडी पूर्वपीठिका हवी. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यातल्या मार्लवाई या गोंड खेड्यात क्रिस्तोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फने १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र सुरू केले. गोंडी भाषेतली क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण त्या मुलखात मराठी सर्वांना कळे. आपले सेतुमाधवराव पगडी तिथे अधिकारी म्हणून गेले, गोंडी शिकले आणि गोंडांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. राज्ये बदलली, तेलुगू आली, गोंडी पुस्तके मागे पडली. नाच मात्र टिकला: दिवाळीच्या सुमारास दंडारीची पथके मोरपिसांचे टोप घालून आजही गावोगाव हिंडतात, आणि याच मार्लवाईचे कनकराजू यांना घुसाडी नृत्यासाठी २०२१ सालचे पद्मश्री जाहीर झाले. २०२४ साली ते वारले. त्यांच्या गावात एकेकाळी गोंडीतून शिकवणारे शिक्षक तयार होत, हे त्या गौरवाच्या वेळी कितीजणांना आठवले असेल?

गोंडी माध्यमाची शाळा त्यानंतर या बाजूला सुरू झाली ती २०१९ साली, पुन्हा धानोरा तालुक्यातच. मोहगावच्या ग्रामसभेने ती स्वतः काढली. पेसा कायदा आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद करणारा घटनेचा अनुच्छेद ३५०-क यांचा आधार घेतला. शिक्षण खात्याने शाळा अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस २०२२ साली काढली, तेव्हा ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. खात्याची बाजू अगदीच निराधार नव्हती. मान्यतेशिवाय शाळा चालवू नये हा नियम मुलांच्या हितासाठीच केलेला आहे, आणि उद्या पाचवीत दुसऱ्या शाळेत जाताना या मुलांच्या हाती कोणता दाखला असेल ही काळजी खरी आहे. ग्रामसभेचा प्रश्न त्याहून जुना होता. तिने शाळेच्या फलकावर जे नाव लिहिले ते असे: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल.